ब्राउझरमध्ये, साध्या की-बोर्डवर: पहिल्या सुरापासून एका मिनिटाच्या रचनेपर्यंत

संगणकाच्या की-बोर्डवर संगीत करायचं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: कळ हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज सारखाच येतो. आक्षेप खरा आहे. कळेखाली एक स्विच असतो आणि तो लागला की सुटला एवढंच संगणकाला कळतं. पण मग पेटीचं काय? हार्मोनियमच्या पट्टीलाही बोटाचा जोर कळत नाही, आवाज कमीजास्त होतो तो भात्याने. पाइप ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डवरही बोटाच्या जोराने सूर मोठा होत नाही. तरी या वाद्यांवर अप्रतिम संगीत होत आलं आहे, कारण त्यांचे वादक वेळेवर काम करतात. सूर नेमका कधी लावायचा, किती धरायचा, पुढच्या सुराआधी किती फट सोडायची, यात त्यांचं सगळं कसब असतं. आणि या तिन्ही गोष्टी संगणकाचा की-बोर्ड चोख पोहोचवतो.

म्हणून या लेखात जागोजागी वेळेबद्दल बोललं आहे. शेवटपर्यंत हाताने करत गेलात, तर चार थरांची, साधारण एक मिनिटाची स्वतःची रचना तुमच्याकडे तयार असेल. आधी कोणतं वाद्य शिकलेलं असण्याची गरज नाही. सा रे ग म ओळखीचं असेल तर थोडं सोपं जाईल, इतकंच.

सुरुवातीची तयारी

खरीखुरी कळफलक-पाटी असलेला संगणक, अद्ययावत ब्राउझर आणि वायरचे हेडफोन एवढं पुरतं. वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. ब्राउझरमध्येच आवाज तयार करण्याची वेब ऑडिओ नावाची यंत्रणा असते. २०२१ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. पुढे येणारी बहुतेक साधनं तिच्याच जोरावर चालतात.

हेडफोन वायरचेच का, हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच कंटाळून सोडून देतात. कळ दाबल्यापासून सूर कानावर पडेपर्यंत थोडा वेळ जातोच. साधारण १० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोटांना जाणवत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे वाद्यापासून साडेतीन मीटरवर बसलेल्यालाही तेवढा उशीर होतच असतो. ३० मिलिसेकंदांच्या पुढे मात्र खटकू लागतं. ब्लूटूथवर आवाज आधी आकुंचित करून हवेतून पाठवावा लागतो आणि पलीकडे पुन्हा उलगडावा लागतो. त्यात सहज १०० ते २५० मिलिसेकंद जातात. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची आणि तिचा पाव भाग १६७ मिलिसेकंदांचा. म्हणजे ब्लूटूथवर तुम्ही वाजवलेला सूर पाव मात्रेने मागे पडू शकतो. मग हात आपोआप घाई करू लागतो, लय बिघडते, आणि ‘आपल्याला जमतच नाही’ असं वाटू लागतं. दोष हाताचा नसतो. वायरचे हेडफोन नसतील, तर लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर ब्लूटूथपेक्षा बरे.

कोणतं साधन घ्यायचं

नुसती बोटं चालवून बघायला गूगलच्या क्रोम म्युझिक लॅब या संकेतस्थळावरचा ‘शेअर्ड पियानो’ घ्या. खातं उघडावं लागत नाही, पान उघडलं की वाजवायला सुरुवात. त्याच लॅबमधला ‘साँग मेकर’ वेगळ्या स्वभावाचा आहे. तिथे चौकटींच्या जाळीवर सूर मांडायचे असतात. बाणांच्या कळांनी जागा बदलायची, एंटरने सूर ठेवायचा, स्पेसबारने ऐकायचं. सेटिंगमध्ये पाच सुरांची पेंटॅटॉनिक स्वरमालिका निवडली की सहसा काहीच बेसूर लागत नाही. अगदी नवख्या माणसाने सुरुवात इथून करावी.

पूर्ण रचना करायची असेल तर बहुपदरी ध्वनिमुद्रणाची सोय लागते. त्यासाठी बँडलॅब हे मोफत आणि ब्राउझरमध्येच चालणारं साधन चांगलं आहे, फक्त खातं उघडावं लागतं. साउंडट्रॅपही याच जातीचं. पुढच्या पायऱ्या अशा कोणत्याही साधनात करता येतील. बटणांच्या जागा बदलतील, काम तेच राहील.

की-बोर्डवर संगीत करण्याची अजून एक तऱ्हा आहे, ती म्हणजे लिहून. स्ट्रडेल नावाच्या साधनात तुम्ही ठेक्याचे बोल ओळीने टाइप करता, कंट्रोल आणि एंटर दाबता, आणि लिहिलेलं आवर्तन फिरू लागतं. ते चालू असतानाच मजकूर बदलला की संगीत बदलतं. टायडलसायकल्स ही आधीची पद्धत हॅस्केल भाषेतली होती, स्ट्रडेल तिचा जावास्क्रिप्टमधला अवतार. ज्यांना वाजवण्यापेक्षा मांडणी आवडते त्यांनी ते जरूर बघावं. आपण मात्र बोटांनी वाजवणार आहोत.

वाजवण्याआधी की-बोर्ड तपासून घ्या

पहिलं, की-बोर्डची भाषा इंग्रजी करा. आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर मराठी टंकलेखन चालू असतं आणि ते विसरलं जातं. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळमांडणी चालू असेल तर ‘एच’च्या कळेतून ‘प’ निघतो आणि ‘के’मधून ‘क’. काही साधनं कळेची जागा बघतात, त्यांना फरक पडत नाही. काही साधनं मात्र उमटलेलं अक्षर बघतात, आणि ती गप्प राहतात. ध्वन्यात्मक टंकलेखन चालू असेल तर ते कळा मधल्यामध्येच अडवून अक्षर जुळवत बसतं. विंडोजवर विंडोज-कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

दुसरं, पान उघडल्यावर त्यावर एकदा क्लिक करा. वापरणाऱ्याने काही केल्याशिवाय पानाला आवाज काढू द्यायचा नाही, असा ब्राउझरांचा नियम आहे. क्रोमने वेब ऑडिओला तो २०१८ मध्ये लागू केला. शिवाय क्लिक झाल्यावरच कळा त्या पानाकडे जाऊ लागतात. प्रोजेक्टचं नाव लिहायच्या चौकटीत कर्सर अडकलेला असेल, तर तुमची सगळी सुरावट त्या नावात टाइप होते.

तिसरं, ब्राउझरचे स्वतःचे शॉर्टकट लक्षात ठेवा. फायरफॉक्समध्ये तिरप्या रेघेची आणि एकेरी अवतरणाची कळ दाबली की शोधपट्टी उघडते, आणि नेमकी अवतरणाची कळ वरच्या सुरांसाठी लागते. कंट्रोलवर बोट असताना ‘डब्ल्यू’ दाबलं की टॅबच बंद होतो. विंडोजवर शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीजची खिडकी मध्ये येते, ती सुविधा लागत नसेल तर सेटिंगमध्ये तिचा शॉर्टकट बंद करून ठेवा.

चौथी तपासणी थोडा वेळ देऊन करा. एकाच वेळी किती कळा तुमच्या की-बोर्डला कळतात? साध्या की-बोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर चौथाही दाबल्यासारखा दिसतो. हा भास टाळण्यासाठी की-बोर्ड ती तिसरी कळ सरळ नाकारतो. म्हणून दोन कळांची कोणतीही जोडी चालते, पण तिघींचं नेमकं कोणतं त्रिकूट चालेल हे की-बोर्डागणिक बदलतं. शेअर्ड पियानो उघडून ही चार त्रिकुटं धरून बघा: ए-डी-जी, ए-डी-एच, ए-एफ-एच, एस-जी-जे. तिन्ही सूर ऐकू आले तर पुढचं सगळं जसंच्या तसं जमेल. एखादं त्रिकूट अडलं तर त्याचे सूर एकत्र न दाबता एकामागून एक सोडवून वाजवा. ऐकायला ते बहुधा जास्तच छान लागतं.

सूर कुठे आहेत

सगळ्यात रुळलेली मांडणी अशी. मधल्या ओळीत पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांचे सूर आणि वरच्या ओळीत काळ्या पट्ट्यांचे. ‘ए’वर सा धरा, म्हणजे:

मधली ओळ: ए सा, एस रे, डी ग, एफ म, जी प, एच ध, जे नी, के वरचा सा, एल वरचा रे.

वरची ओळ: डब्ल्यू कोमल रे, ई कोमल ग, टी तीव्र म, वाय कोमल ध, यू कोमल नी.

‘आर’ आणि ‘आय’ रिकाम्या राहतात, कारण ग-म आणि नी-सा यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. बहुतेक साधनांत ‘झेड’ने सप्तक खाली जातं आणि ‘एक्स’ने वर. म्हणजे हात जागेवरच ठेवून मंद्र, मध्य, तार तिन्ही मिळतात.

दुसरी एक मांडणी ट्रॅकर नावाच्या जुन्या संगीत-प्रोग्रॅमांपासून चालत आली आहे. तीत ‘झेड’ची ओळ आणि तिच्या वरची ओळ मिळून एक सप्तक, तर ‘क्यू’ची ओळ आणि आकड्यांची ओळ मिळून पुढचं सप्तक. दोन सप्तकं एकदम हाताशी येतात हा तिचा फायदा. पण बोटांची ओळख व्हायची असेल तोवर पहिलीच मांडणी ठेवा, कारण तिच्यात टायपिंगची मूळ जागा तशीच राहते. ‘एफ’ आणि ‘जे’वर जे उंचवटे असतात ते आता म आणि नी झाले. त्यांच्यावर तर्जन्या ठेवल्या की न बघता बाकीचे सूर सापडतात. डाव्या हाताची करंगळी सा, अनामिका रे, मधलं बोट ग, तर्जनी म आणि प. उजवी तर्जनी ध आणि नी, मधलं बोट वरचा सा.

आता सर्वांत कामाचा सल्ला. पट्टी बदलायची असली तरी सा ‘ए’वरच ठेवा. साधनात ट्रान्सपोज नावाची सोय असते, ती एक घर वर केली की पांढरी एकची पट्टी काळी एक होते, आणि बोटं मात्र तीच राहतात. गायकाच्या पट्टीत वाजवायला नवी बोटं शिकत बसण्याचं काही कारण नाही. जी शक्ती वाचते ती लयीला द्या.

हात बसवायला तीन अभ्यास

मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारी टिकटिक, मिनिटाला ६० वर लावा. आवाज ऑर्गनचा किंवा हार्मोनियमचा निवडा, पियानोचा नको. पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून विरत जातो, त्यामुळे कळ कधी सोडली ते नीट ऐकू येत नाही. ऑर्गनचा सूर बोट उचलताक्षणी तुटतो, म्हणून चूक लगेच पकडता येते.

पहिल्या अभ्यासात सा ते वरचा सा आणि परत, एका मात्रेला एक सूर. लक्ष दाबण्याकडे न ठेवता सोडण्याकडे ठेवा. पुढची कळ दाबली जाईल त्याच क्षणी आधीची सुटली पाहिजे. दोन सूर एकमेकांवर चढले तर चिखल होतो, मध्ये फट पडली तर ओळ तुटते. हे जमलं की तेच पुन्हा करा, पण प्रत्येक सूर अर्धी मात्रा धरा आणि अर्धी मात्रा शांतता. सूर तेच, वेग तोच, तरी स्वभाव पूर्ण बदलतो. जोराविना भाव कसा बदलतो ते इथे प्रत्यक्ष ऐकू येतं, म्हणून या अभ्यासाला घाईने उरकू नका.

दुसऱ्यात फक्त पाच सूर: सा रे ग प ध, म्हणजे ए एस डी जी एच. भूपाचे हे स्वर कोणत्याही क्रमाने घ्या, कानाला टोचत नाहीत. चार मात्रांची छोटी ओळ बनवा, तीच पुन्हा म्हणा, तिसऱ्यांदा शेवट बदला. पुढे रचनेची मुख्य सुरावट यातूनच काढायची आहे, आवडलेली ओळ कागदावर लिहून ठेवा.

तिसरा अभ्यास स्वरसंघांचा, म्हणजे कॉर्ड्सचा. क्रम हा:

ए-डी-जी (सा ग प), मग ए-डी-एच (सा ग ध), मग ए-एफ-एच (सा म ध), मग एस-जी-जे (रे प नी).

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एकच बोट हलतं, प वरून ध वर. दुसऱ्यातून तिसऱ्यातही एकच, ग वरून म वर. चौथ्याला सगळी बोटं सरकतात, आणि त्यामुळेच तिथे काहीतरी घडल्यासारखं वाटतं, मग पुन्हा पहिल्यावर आलं की घरी पोहोचल्यासारखं. प्रत्येक त्रिकूट चार मात्रा धरा.

आता रचना

चार मात्रांचा एक बार धरू. मिनिटाला ९० मात्रा असल्या की २४ बार ६४ सेकंदांत होतात. एवढ्या लांबीत सुरुवात, भर आणि शेवट नीट बसतात.

नवा प्रोजेक्ट उघडा, गती ९० करा, मेट्रोनोम लावा आणि मुद्रणाआधी एक बार मोजून देण्याची सोय चालू करा. ट्रॅक घेताना मिडी वाद्याचा घ्या. मिडीत आवाज साठवला जात नाही. कोणता सूर, कधी दाबला, कधी सोडला, एवढीच नोंद होते. त्यामुळे एखादा सूर चुकला तर तेवढाच सरकवता येतो, आणि वाद्यही नंतर बदलता येतं.

१. आधी ठेका. ड्रमचं किट निवडा आणि किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा घुमारा, ऐकू येईपर्यंत ‘झेड’ने सप्तक खाली न्या. बहुतेक किट जनरल मिडी या ठरलेल्या सामायिक क्रमाने लावलेले असतात, त्यात ‘ए’वर किक, ‘एस’वर स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) आणि ‘टी’वर बंद हाय-हॅट (झांजांची जोडी) येतो. एका बारचे सोळा भाग कल्पा. किक १, ९ आणि ११ वर, स्नेअर ५ आणि १३ वर, हाय-हॅट सगळ्या विषम आकड्यांवर. तिन्ही एकदम वाजवायचा हट्ट नको. पहिल्या फेरीत किक आणि स्नेअर दोन बोटांनी, दुसऱ्या फेरीत त्यावर हाय-हॅट. ठेका वाजवायला कळांची छोटी खोली आणि लगेच परत येणं फार सोयीचं पडतं. दोन बार चांगले झाले की त्यांची नक्कल पुढे पसरवा.

२. मग बास, म्हणजे खालच्या सप्तकातले जाड सूर. रचनेचा पाया चार बारांचा असेल, त्या चारही बारांसाठी एकेक सूर: सा, ध, म, प, म्हणजे ए, एच, एफ, जी, दोन सप्तकं खाली. प्रत्येक सूर किकबरोबर सुरू करा आणि स्नेअरच्या किंचित आधी सोडा. ती छोटी शांतता ठेक्याला उचलून धरते. हेडफोन लावूनच ऐका. मधल्या सा पासून, म्हणजे २६१.६ हर्ट्झपासून, दोन सप्तकं खालचा सा ६५.४ हर्ट्झचा असतो, आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर तो मूळ सूर जवळजवळ काढतच नाहीत. तिथे ऐकू येत नाही म्हणून बास वाढवत गेलात, तर दुसरीकडे सगळं घुमायला लागेल.

३. तिसऱ्या ट्रॅकवर स्वरसंघ, सावकाश उमलणाऱ्या पॅडच्या किंवा ऑर्गनच्या आवाजात. वरच्या अभ्यासातला क्रम, एका बारला एक. पॅडचा सूर भरायला वेळ घेतो, म्हणून कळ मात्रेच्या जरा आधी दाबावी लागते. किती आधी, ते कानाने ठरवा.

४. शेवटी सुरावट, एक सप्तक वर. पाच सुरांतून निवडलेली ती ओळ घ्या. चार बारांपैकी तिसरा बार जवळजवळ रिकामा ठेवा. सलग वाजत राहिलेल्या ओळीपेक्षा मधे थांबलेली ओळ लक्षात राहते.

पाया हा चार बारांचा. तो सहा वेळा फिरवला की २४ बार. पण सगळे थर सगळीकडे वाजले तर दुसऱ्या फेरीतच कान कंटाळतो. माझी पसंती अशी: पहिले चार बार नुसते स्वरसंघ, पुढचे चार बास आणि हाय-हॅट जोडून, मग आठ बार सगळं, मग चार बार ठेका बंद ठेवून सुरावट आणि पॅड, आणि शेवटच्या चार बारांत पुन्हा सगळं येऊन सा वर थांबणं. ठेका बंद केलेले ते चार बार वगळू नका, त्यांच्यामुळेच शेवटचा भाग मोठा वाटतो.

यंत्रासारखं वाजतंय, त्याचं काय करायचं

आतापर्यंत प्रत्येक सुराचा जोर सारखा आहे. मिडीत जोर ० ते १२७ मध्ये मोजतात, आणि की-बोर्डवरून आलेले सगळे सूर एकाच आकड्यावर असतात. पियानो-रोल, म्हणजे मुद्रित सूर पट्ट्यांसारखे दाखवणारी खिडकी, उघडून तो हाताने बदला. समेवरचे सूर १०० च्या आसपास, इतर मात्रांवरचे ८०, मात्रांच्या मधले ६०. सर्वांत आधी हे हाय-हॅटला करा. फक्त तेवढ्याने ठेका चालायला लागतो.

लांब सुरांसाठी व्हॉल्यूमचं ऑटोमेशन वापरा, म्हणजे वेळेनुसार आवाजाची वरखाली जाणारी रेघ. पेटीवर जे काम भाता करतो ते इथे ही रेघ करते. पॅडचा आवाज चार बारांत हळूहळू चढवा आणि पाचव्याच्या सुरुवातीला एकदम खाली आणा.

क्वांटाइझ म्हणजे चुकार सुरांना आखीव जागेवर ओढणं. सोय चांगली आहे, पण सगळं शंभर टक्के ओढलं तर जो वेळेचा खेळ आपण बोटांनी केला तोच पुसला जातो. किक आणि स्नेअर पूर्ण ओढा. बासला प्रमाण देता येत असेल तर ६०-७० टक्के. सुरावटीला हात लावू नका, जो सूर खरंच खटकतो तोच एकटा सरकवा. सगळेच सूर सारख्याच अंतराने मागे पडलेले दिसले, तर तो यंत्रणेचा उशीर आहे. पूर्ण ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, ओढला की काम झालं.

मुद्रण अडखळत असेल तर बाकीचे टॅब बंद करा, लॅपटॉप चार्जिंगला लावा, आणि संगीताचा टॅब समोर ठेवा. मागे गेलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मंदावतो. कळ दाबलेली असताना टॅब बदलला तर ती सुटल्याची बातमी पानाला मिळतच नाही आणि सूर लोंबकळत राहतो. परत येऊन तीच कळ एकदा दाबून सोडली की थांबतो.

गायचं असेल तर की-बोर्डचे सगळे थर आधी संपवा, आवाज नंतर घ्या, नाहीतर कळांची टकटक मायक्रोफोनमध्ये जाते. ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन टाळा. तो चालू झाला की अनेकदा ऐकू येणाऱ्या आवाजाचीही प्रत फोनवरच्या बोलण्याइतकी खाली येते.

जतन करताना वेव्ह आणि मिडी दोन्ही उतरवून ठेवा. वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते आणि मूळ प्रत जशीच्या तशी ठेवते. कोणाला पाठवायला ३२० केबीपीएसची एमपीथ्री पुरे, ती मिनिटाला २.४ एमबी होते. खातं नसलेल्या साधनांत काम कुठे राहतं ते नीट बघा. साँग मेकर एक दुवा देतो, तो कुठेतरी लिहून ठेवला पाहिजे. काही साधनं सगळं ब्राउझरच्या साठ्यात ठेवतात, आणि ब्राउझरची माहिती पुसली की रचनाही जाते.

स्वतःचं वाद्य बनवायचं असेल तर

थोडं जावास्क्रिप्ट येत असेल तर पुढची पायरी फार आनंदाची आहे. वेब ऑडिओत वाद्याचा सांगाडा छोटा असतो: कळ दाबल्याची सूचना येते, तुम्ही तिची वारंवारता ठरवता, ऑसिलेटर त्या वारंवारतेचा सूर काढतो, गेन त्याचा आवाज ठरवतो आणि सूर स्पीकरकडे जातो. साइन, स्क्वेअर, सॉटूथ आणि ट्रँगल अशा चार लहरी तयार मिळतात.

काही गोष्टी सुरुवातीलाच नीट करा. उमटलेलं अक्षर न बघता कळेची जागा बघा, म्हणजे मराठी टंकलेखन चालू असलं तरी वाद्य वाजेल. कळ धरून ठेवली की संगणक तीच सूचना पुन्हा पुन्हा पाठवतो, त्या पुनरावृत्तीकडे दुर्लक्ष करा. सूर एकदम तोडला तर टक् असा आवाज येतो, म्हणून गेन १०-२० मिलिसेकंदांत उतरवा. आणि प्रत्येक सुराचा गेन ०.२ च्या आसपास ठेवा, नाहीतर चार सूर एकत्र आले की बेरीज मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटतो.

वारंवारता तुम्ही ठरवता, यात मोठी गंमत आहे. तयार साधनांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक घर आधीच्याच्या १.०५९५ पट. तुम्ही मात्र शुद्ध गुणोत्तरांचं सप्तक लावू शकता. सा २४० हर्ट्झ धरला की रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नी ४५० आणि वरचा सा ४८०. सारख्या भागांच्या सप्तकात हाच ग ३०२.४ वर येतो. दोन्ही गंधार एकत्र वाजवून बघा, सेकंदाला दोनेक वेळा आवाज फुगताना-ओसरताना ऐकू येईल. मग खाली सा धरून ठेवा आणि त्यावर एकदा हा ग, एकदा तो ग लावा. कुठला थरथरतो आणि कुठला स्थिर बसतो, हे कान लगेच सांगतात.

आणि पेटीवर जी मिळत नाही ती मींड इथे मिळते. एका वेळी एकच सूर वाजेल असं वाद्य बनवा. पहिली कळ धरलेली असतानाच दुसरी दाबली, तर नवा ऑसिलेटर सुरू न करता जुन्याचीच वारंवारता नव्या सुरापर्यंत घसरत न्या. पहिली सोडून मग दुसरी दाबली, तर सूर नव्याने लागू द्या. म्हणजे मींड घ्यायची की सुटा सूर, हे बोट कधी उचललं त्यावरून ठरेल. घसरणीचा वेळ १, २, ३ या आकड्यांच्या कळांवर ठेवा: ६०, १५० आणि ४०० मिलिसेकंद. ६० वर तो हलका स्पर्श वाटतो, ४०० वर मधला सगळा प्रवास ऐकू येतो. घसरण सरळ रेषेत नेण्यापेक्षा घातांकी वक्राने न्या, कारण कानाला सुरांमधलं अंतर गुणोत्तराने कळतं. मग आधी ग-रे-सा उतरून बघा, ‘डी’ धरून ‘एस’, ‘एस’ धरून ‘ए’, तिन्ही वेळांत.